गावात घरचा फोन आणि इंटरनेट बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणातल्या वाड्यावस्त्यांतून, आणि मुंबईत राहून गावचं घर सांभाळणाऱ्यांकडून, हेच प्रश्न फिरून फिरून येतात. म्हणून ते उत्तरांसकट एका जागी लिहून ठेवले आहेत. उदाहरणं रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची आहेत. घाटावरच्या मंडळींनी पाऊस थोडा कमी धरावा, बाकी सगळं तेच.

१. आमच्या वाडीत नक्की कोणाकोणाचं कनेक्शन मिळतं? वेबसाइटवर तर सगळेच ‘उपलब्ध’ म्हणतात.

वेबसाइट पिनकोड बघते, आणि आपल्याकडे एकाच पिनकोडात डोंगराच्या अलीकडच्या-पलीकडच्या कितीतरी वाड्या येतात. त्यामुळे त्या ‘उपलब्ध’वर जाऊ नका. घराबाहेर पडा आणि खांब बघत चला. काळ्या बारीक तारा कुठल्या घरात शिरतात आणि खांबावरचा छोटा डबा कुठे आहे ते बघा. त्या डब्यापासून आपलं घर किती लांब, यावर बरंचसं ठरतं. मग किराणा दुकान, शाळा, सोसायटी, बँकेची शाखा यांच्याकडे कोणाचं नेट आहे ते विचारा. या मंडळींना नेट बंद पडून चालत नाही, त्यामुळे जे त्यातल्या त्यात टिकतं तेच त्यांच्याकडे असतं.

एअरफायबरसारख्या बिनतारी सेवेचा विचार असेल, तर त्या कंपनीचं सिम आणि फाइव्ह-जी फोन असलेला पाहुणा आला की त्याला घराच्या माथ्यावर चढवा. फोनवर फाइव्ह-जी टिकत नसेल तर पुढे जाऊ नका.

२. सगळ्यात चांगली कंपनी कोणती?

शहरात या प्रश्नाला अर्थ आहे. गावात मी उलट विचारतो: तार तुटली की कोण येतो, आणि कुठून येतो?

फायबर तुटलं की ते गाठ मारून किंवा टेप गुंडाळून जोडता येत नाही. काचेची दोन टोकं वितळवून सांधणारं मशीन लागतं. ते मशीन आणि ते चालवणारा मुलगा पाच किलोमीटरवर असेल तर तार संध्याकाळपर्यंत जोडली जाते. तो जिल्ह्याच्या ठिकाणाहून यायचा असेल तर चार तारा तुटेपर्यंत तो थांबतो आणि मग एकदमच फेरी मारतो. बीएसएनएलचं घरोघरचं फायबरसुद्धा अनेक गावांत स्थानिक भागीदारामार्फत येतं, आणि हा भागीदार बऱ्याचदा पूर्वीचा केबलवालाच असतो. त्यामुळे एकाच कंपनीची सेवा एका गावात अप्रतिम आणि शेजारच्या गावात डोक्याला ताप, असं सर्रास होतं.

शेजाऱ्याला ‘स्पीड किती येतो’ विचारू नका. ‘गेल्या जुलैत किती दिवस बंद होतं?’ असं विचारा. आणि लाइनमन फोन उचलतो का, हे त्याच्याच नंबरवर एकदा लावून बघा. कंपनी निवडताना मी बाकी सगळ्याला याच्यापुढे कमी महत्त्व देतो.

३. तांब्याची तार, फायबर आणि एअरफायबर यांत फरक काय?

तांब्याची जुनी जोडी हा आपल्या लँडलाइनचा मूळ मार्ग. त्याच तारेवरून येणाऱ्या ब्रॉडबँडचा वेग एक्स्चेंजपासूनच्या अंतरावर ठरतो. तीन-चार किलोमीटरच्या पुढे नेट रडतखडत चालतं, आणि पावसात सांध्यांत पाणी शिरलं की फोनवर खरखर आणि नेट गायब. देशात ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घेण्यासाठीची किमान मर्यादा २०२३ मध्ये ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली गेली. शेवटच्या वाडीतली तांब्याची लाइन पुष्कळदा तिथेही धापा टाकते.

फायबरमध्ये काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, त्यामुळे अंतराचा जाच फारसा नाही. एक्स्चेंजपासून वीस किलोमीटरपर्यंत ही यंत्रणा चालते. एकच तंतू वाटेत विभागून अनेक घरांना दिलेला असतो. मधल्या डब्यांना वीज लागत नाही. हा मोठाच फायदा, पण घरात मात्र वीज लागते (प्रश्न ११).

एअरफायबर म्हणजे टॉवरकडे तोंड करून छपरावर बसवलेला डबा. जिओने ही सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये आणली, एअरटेलचीही आहे, आणि दोन्ही फाइव्ह-जीवर चालतात. बीएसएनएलच्या भारत एअरफायबरमध्ये स्थानिक भागीदार परवाना न लागणाऱ्या लहरींवरून घरापर्यंत नेट आणतो. तार तुटायची भीती नाही. पण मध्ये डोंगराची सोंड किंवा दाट बाग आली की रामराम. मे महिन्यात छान चाललेलं एअरफायबर ऑगस्टमध्ये मंदावलं तर समोरच्या आंब्या-फणसाची ओली पालवी बघा.

माझी पसंती: फायबर मिळत असेल तर फायबर.

४. चाळीस वर्षांचा लँडलाइन नंबर नव्या कंपनीत नेता येईल का?

नाही. मोबाइल नंबर कंपनी बदलून नेण्याची सोय नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर सुरू झाली, पण ती फक्त मोबाइलला. लँडलाइनला अशी सोय आजही नाही. विक्रीसाठी आलेला मुलगा ‘होईल काका, करून देतो’ म्हणाला, तर ते त्याच्याकडून कागदावर लिहून मागा. तो लिहून देणार नाही.

नंबर राखायचा एक रस्ता आहे: कंपनी तीच ठेवून तार बदलणं. बीएसएनएलची तांब्याची लाइन असेल आणि गावात बीएसएनएलचं फायबर पोचलं असेल, तर तोच नंबर फायबरवर घेता येतो. मात्र आपल्या एक्स्चेंजमध्ये तांत्रिकदृष्ट्या ते शक्य आहे ना, हे अर्ज करण्याआधी विचारा, आणि अर्जावर जुना नंबर ठळक लिहा. नाहीतर सवयीने नवा नंबर दिला जातो, आणि एकदा दिला की मागे फिरवायला चपला झिजतात.

डॉक्टर, भटजी, बागायतदार, जुनी दुकानं यांच्या पाट्यांवर, पत्रिकांवर, आंब्याच्या पेट्यांवर हाच नंबर छापलेला असतो. त्यांना मी सांगतो की इंटरनेट कुठूनही घ्या, फोन मात्र सगळ्यात स्वस्त योजनेवर चालू ठेवा.

५. आधी जुनं बंद करू की आधी नवं घेऊ?

आधी नवं. ते महिनाभर, शक्यतो एखादा पाऊस अंगावर घेऊन, नीट चाललं की मग जुनं बंद करा. दोन्हीचं एक महिन्याचं भाडं जास्त पडेल. पण ‘परवा येतो’ म्हणालेला माणूस पंधरवडाभर आला नाही, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ फोनच उरत नाही. मोबाइलला रेंज नसलेल्या घरात हा नियम मोडूच नका.

६. बदलायला योग्य महिना कोणता?

दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत. वाळलेल्या पाणंदीतून खांब नेता येतात, लाइनमनला उसंत असते आणि चूक झाली तर पावसाआधी दुरुस्त करायला वेळ मिळतो. मे महिन्यात चाकरमानी येतात आणि सगळ्यांनाच नेट हवं असतं. जूनच्या वादळी पावसात झाडं पडतात. गणपतीच्या आदल्या आठवड्यात तर अर्ज करूच नका, तेव्हा तार सांधणारा मुलगा फक्त तुटलेलं जोडत फिरत असतो.

७. फोन अजून आजोबांच्या नावावर आहे. ते जाऊन बारा वर्षं झाली. चालेल ना?

बिल भरताय तोवर कोणी विचारत नाही. अडतं ते बदलताना: योजना बदलायची, तांब्यावरून फायबरवर जायचं, कनेक्शन बंद करायचं, डिपॉझिट परत मागायचं, की प्रत्येक वेळी सही ग्राहकाची लागते. म्हणून आधी नाव बदलून घ्या. मृत्यूचा दाखला, अर्जदाराचं ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा, आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र हे साधारण लागतं. भावाभावांत सातबाऱ्यावरून बोलाचाली बंद असेल तर हे ना-हरकत पत्रच सगळ्यात अवघड कागद ठरतो. मग जुनी लाइन तशीच राहू द्या आणि स्वतःच्या नावाने नवं कनेक्शन घ्या. नंबर वेगळा मिळेल, पण वाद तरी वाढणार नाही.

८. जाहिरातीत एक आकडा आणि हातात दुसरंच बिल. नक्की खर्च किती धरायचा?

जाहिरातीतल्या रकमेवर बहुधा १८ टक्के जीएसटी धरलेला नसतो. म्हणजे ४९९ ची योजना ५८९ ला पडते. शिवाय जोडणीचा खर्च, राउटर विकत की भाड्याने, डिपॉझिट, आणि गावाचा खास खर्च म्हणजे जादा तार. ‘मोफत जोडणी’त तार ठरावीक मीटरपर्यंतच असते. रस्त्यापासून आत असलेल्या घराला पुढच्या तारेचे, कधी खांबांचेही पैसे द्यावे लागतात. हे माणूस दारात तार घेऊन उभा राहण्याआधी बोलून घ्या.

वर्षाचे पैसे एकदम भरले तर स्वस्त पडतं, हे खरं. पण नव्या सेवेचं वर्ष पहिल्याच फटक्यात भरू नका. आधी महिना किंवा तिमाही घ्या. मध्येच सोडलं तर उरलेले पैसे परत मिळतील का, हे पावतीवर किंवा मेलवर लिहून असू द्या.

९. किती एमबीपीएस घ्यावेत?

चौघांच्या घराला ३० ते ५० पुष्कळ झाले. एक मोठा टीव्ही, एक ऑनलाइन तास आणि दोन मोबाइल त्यात आरामात निभावतात. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबी (मेगाबाइट) नव्हे, १०० मेगाबिट. आठाने भागा, साडेबारा येतात. ‘१०० घेतलं आणि फसवलं’ अशा निम्म्या तक्रारी इथेच संपतात. उरलेल्यांत बहुतेक दोष घराच्या भिंतींचा असतो. जांभ्या चिऱ्याची दीड फुटी भिंत पाच गिगाहर्ट्झचा वायफाय गिळून टाकते. राउटर माजघरात उंचावर ठेवा, आणि पडवीत नेट हवं असेल तर तिथपर्यंत लॅनची केबल ओढून दुसरा राउटर लावा.

१०. जोडायला माणूस येईल तेव्हा मी काय बघू?

त्याच्याजवळ एक हातातलं मीटर असतं. ते लावून प्रकाशाची पातळी किती आली, हे विचारा आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. आकडा उणे असतो. उणे २० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे २५ च्या पुढे गेला तर कुठेतरी सांधा कच्चा किंवा तार मुडपलेली आहे, आणि उणे २७-२८ ला घरातलं फायबरचं यंत्र मान टाकतं. पुढे नेट अडखळू लागलं की हाच फोटो उपयोगी पडतो.

तार घरात शिरते तिथे बाहेर तिला खाली एक झोका द्यायला सांगा, म्हणजे पाणी तारेवरून ओघळत आत न येता बाहेरच ठिबकतं. तार माडाला बांधू देऊ नका. माड वाऱ्यात डोलतो, आणि एखादी झावळ पडली की संपलं. महावितरणच्या खांबावर परवानगीविना बांधलेली तार केव्हाही कापली जाऊ शकते. गडग्यावरून तार उघडी नेली तर खार कुरतडते, आणि माकडांचं तर विचारूच नका. थोडी जादा तार गुंडाळी करून घराजवळ ठेवायला लावा. पुढच्या तुटीला ती कामाला येते.

११. वीज गेली की आता फोनही जातो. पूर्वी असं नव्हतं!

बरोबर. तांब्याच्या फोनला एक्स्चेंजमधल्या बॅटरीतून ४८ व्होल्टची वीज तारेतूनच मिळायची, म्हणून गाव अंधारात असतानाही टोन यायचा. काचेतून वीज जात नाही. फायबरचा फोन घरातल्या यंत्रावर चालतो, आणि त्याला प्लग लागतो.

उपाय स्वस्त आहे: राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस. बहुतेक यंत्रं १२ व्होल्टवर चालतात, तरी अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्या. तरीही बंद पडत असेल, तर पलीकडच्या टोकाला बॅटरी नाही. एक्स्चेंजमध्ये किंवा भागीदाराच्या खोलीत बॅकअप किती तासांचा आहे, हा प्रश्न ठरवण्याआधीच विचारण्यासारखा आहे. एअरफायबरला घरातली वीज आणि टॉवरची वीज दोन्ही लागतात.

लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावायचा, हा नियम १५ जानेवारी २०२१ पासून आहे आणि फायबरच्या फोनलाही तो लागू आहे. ‘नवा फोन मोबाइलला लागतच नाही’ असं आईवडील म्हणाले की आधी हे तपासा.

१२. विजा चमकताना फायबरचं यंत्र काढून ठेवायचं का?

हो. काच वीज वाहत नाही, पण तारेला ताण सहन व्हावा म्हणून तिच्यात बऱ्याचदा पोलादी धागा असतो, आणि अडॅप्टर तर घरच्या विजेवरच लावलेला असतो. मृगाच्या आधीच्या आणि परतीच्या पावसात अडॅप्टर आणि लॅन दोन्ही काढा. घराचं अर्थिंग तपासून घ्या. ते नुसतं राउटरसाठी नाही.

१३. मोबाइलला घरात रेंज नाही. लँडलाइन काढली तर बोलायचं कसं?

वायफाय कॉलिंग सुरू करा. जिओ आणि एअरटेलच्या सिमवर, फोन त्यासाठी सक्षम असेल तर, कुठल्याही कंपनीच्या वायफायवरून आपल्या नेहमीच्या नंबरावर फोन येतात-जातात, वेगळं ॲप लागत नाही. गेल्या काही वर्षांत गावच्या घरांना याचा जेवढा उपयोग झाला तेवढा दुसऱ्या कशाचा झाला नसेल. अर्थात नेट गेलं की हेही गेलं, म्हणून प्रश्न ११ मधला यूपीएस इथेही हवाच.

१४. ग्रामपंचायतीत भारतनेटचं यंत्र आहे. त्यावरून घरी कनेक्शन मिळेल का?

थेट नाही. ही योजना २०११ मध्ये वेगळ्या नावाने मंजूर झाली आणि नंतर तिचं भारतनेट झालं. महाराष्ट्रात तिचा एक टप्पा ‘महानेट’ म्हणून राज्याने हाती घेतला. तिचा उद्देश तंतू ग्रामपंचायतीपर्यंत आणणं हा. तिथून घरापर्यंतचं काम बीएसएनएल, तिचे भागीदार किंवा सेवा केंद्र चालवणारा करतो, आणि जिथे असा कोणी पुढे आलेला नाही तिथे ते यंत्र कपाटात धूळ खात बसतं. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत ग्रामपंचायतींच्या पलीकडच्या गावांनाही मागणीनुसार तंतू देण्याची तरतूद आहे. ‘मागणीनुसार’ हा शब्द महत्त्वाचा: वाडीतल्या दहा-पंधरा घरांनी एकत्र सही करून अर्ज दिला, तर भागीदारालाही तार ओढणं परवडतं.

१५. जुनं कनेक्शन बंद करण्याची नीट रीत काय?

फोनवर सांगून बंद होत नाही, हे मी स्वतः शिकलो. एका कंपनीला मी फोनवरून ‘बंद करा’ सांगितलं, तिकडून ‘झालं सर’ आलं, आणि चार महिन्यांनी थकबाकीचा निरोप आला. कंपनीकडे माझ्या बोलण्याची कसलीच नोंद नव्हती.

म्हणून लेखी अर्ज करा, पोच घ्या. कार्यालय लांब असेल तर नोंदवलेल्या मेलवरून पाठवा. शेवटचं बिल भरा, राउटर भाड्याचा असेल तर परत करा आणि त्याचीही पोच घ्या, त्यावर यंत्राचा अनुक्रमांक असू द्या. बँक खात्याचा तपशील त्याच अर्जात लिहा, म्हणजे डिपॉझिट परत येताना अडणार नाही. बँकेतून आपोआप कापले जाणारे पैसे आधी थांबवा, हे अनेकजण विसरतात. इतकं करूनही बिल आलं तर प्रश्न १६.

१६. तक्रार कोणी ऐकत नाही. पुढे कुठे जायचं?

पहिली पायरी कंपनीचं तक्रार केंद्र. तिथून तक्रार क्रमांक घ्या, त्याशिवाय पुढचं काही होत नाही. लाइनमनला व्हॉट्सॲपवर पाठवलेला निरोप म्हणजे तक्रार नव्हे, हे लक्षात ठेवा, तो कितीही भला असला तरी. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत जायचं. फी नाही, आणि निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो.

ट्राय (दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणारं नियामक प्राधिकरण) एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिकडे पत्र लिहून वेळ घालवू नका. दूरसंचार विभागाकडे केंद्राच्या तक्रार पोर्टलवरून जाता येतं, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचार कंपनीविरुद्ध तिथे जाता येत नाही, असं पूर्वी सांगितलं जायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते मुद्दे निकाली काढले: जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही.

लँडलाइन सलग तीन दिवसांहून जास्त बंद राहिली, तर भाड्यात सूट मिळण्याची तरतूद नियमांत आहे. मागितल्याशिवाय ती कोणी देत नाही.

१७. घर वर्षातून दहा महिने बंद असतं. कनेक्शन ठेवू की काढू?

बीएसएनएलच्या लँडलाइनला ‘सेफ कस्टडी’ची सोय आहे: नंबर राखून लाइन तात्पुरती बंद ठेवता येते. इतर कंपन्यांत प्रीपेड योजना घेऊन गणपती आणि मे महिन्यापुरतं रिचार्ज करणं सोपं. किती महिने रिचार्ज न केल्यास कनेक्शन कायमचं बंद होतं, ते आधी विचारून घ्या.

१८. नेट बदललं आणि गावच्या घरातला कॅमेरा मुंबईतून दिसायचा बंद झाला. का?

बऱ्याच सेवांत, बिनतारी सेवांत तर हमखास, अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलेला असतो. त्यामुळे बाहेरून थेट तुमच्या कॅमेऱ्यापर्यंत येता येत नाही. कंपनीकडून वेगळे पैसे भरून स्थिर आयपी, म्हणजे फक्त आपल्या घराचा न बदलणारा पत्ता, घ्या, नाहीतर क्यूआर कोड स्कॅन करून ॲपवर जोडले जाणारे कॅमेरे वापरा, त्यांना ही अडचण येत नाही. कॅमेऱ्यात जुन्या वायफायचं नाव आणि पासवर्ड तसाच राहिला असेल, तर तेही कारण असू शकतं. नव्या राउटरला जुनंच नाव-पासवर्ड दिलं की घरातलं सगळं आपोआप जोडलं जातं.

१९. शेजारी आणि मी मिळून एकच कनेक्शन घेतलं तर?

पाहुण्याला पासवर्ड देणं वेगळं आणि महिन्याचे पैसे वाटून घेणं वेगळं. दुसरी गोष्ट बहुतेक कंपन्यांच्या अटींत बसत नाही, आणि त्या कनेक्शनवरून कोणी काही उपद्व्याप केला तर विचारणा ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्यालाच होते.

२०. तार शेजाऱ्याच्या बागेतून आल्याशिवाय माझ्याकडे पोचत नाही, आणि तो नाही म्हणतोय.

खाजगी जमिनीतून खांब किंवा तार न्यायची तर मालकाची संमती हवी. कंपनीचा माणूस ‘बघून घेऊ’ म्हणाला तरी पुढे कापलेल्या तारेशी गाठ तुमचीच असते. रस्त्याच्या कडेने वळसा घालून किती मीटर जास्त पडतात ते मोजा. बऱ्याचदा शंभर-दीडशे मीटरच्या तारेत प्रश्न सुटतो. तेही जमत नसेल तर एअरफायबर (प्रश्न ३). आणि शेजाऱ्यालाही नेट हवं आहे का, हे एकदा विचारून बघा. तार त्याच्या घरावरून पुढे येणार असेल तर पुष्कळदा नकार विरघळतो.